शंभर लिटरात किती मासे

देवाजी : शंभर लिटरचा टँक हाय, बाई. मंग सात मासे काऊन नाई मावत?

मयुरी : शंभर लिटर तो रिकामा असताना, काका. आत दगड हाय, रेती हाय. खारं पाणी सत्तरच. आन् मासा आजचा नाई मोजत, पुरा वाढल्यावर केवढा होईन ते पाह्यतेत. तुमी माह्या दुकानातून नेला तो निळा आज बोटाएवढा, पुढं वितीच्या वर जाते.

देवाजी : पह्यले तोच गेला. मी नेलेले पाचही गेले. चंचलच्या नारंगी जोडीतला एक आज सकाळी गेला. आता एकच राह्यला.

मयुरी : चंचलचा टँक होय तो? माजरीच्या चंचलचा? समुद्राचं मीठ न्यायले दर महिन्याले येत होती ती. तिनं पाच मासे एकदम टाकू कसे देल्ले तुमाले?

(देवाजी काउंटरची कड धरून उभे राहतात.)

देवाजी : चंचल फेब्रुवारीत गेली, बाई. मी तिचा बाप. सिकलसेल होता तिले, लहानपणापासून.

मयुरी : अरे देवा. काका, मले कधी बोलली नाई ती.

देवाजी : कोणालेच नाई सांगे. समुद्र पाहाले जाणं जमत नाई म्हणून घरी आणला म्हणे. मी म्हणो, दोनच काऊन? अजून आण. तं म्हणे, बाबा, यात इतकेच जगतेत. मले वाटे, पोरगी हौस मारून राह्यली.

मयुरी : बरोबर होतं तिचं. दगडावर बारीक जीव राह्यतेत, माशाची घाण तेच खातेत. ते दोन माशांपुरतेच होते. एकदम सात झाले, घाण उरली, पाणी जहर झालं. लई तं तिसरा एक लहान मासा चालला असता, तोही महिनाभर थांबून.

देवाजी : तिची आई, बायना, दिवसभर टँकसमोर बसते. तोंडातून शब्द नाई. मले वाटलं, टँक भरलेला दिसला तं बायना बोलन.

मयुरी : बोलल्या?

देवाजी : बोलली. रोज सकाळी. "आज कोणता?" इतकंच.

मयुरी : टँक केवढा हाय, ते मी विचाराले पाह्यजे होतं, काका. गर्दी होती, पिशव्या बांधून देल्ल्या. चूक माही हाय.

देवाजी : नाई बाई. पोरीनं सांगतलं होतं मले. मी ऐकलं नाई.

मयुरी : हे तयार खारं पाणी न्या. आज थोडं बदला, परवा थोडं. सहा हप्ते नवा मासा मागू नका, मी देणार नाई.

देवाजी : नाई मागत. पण तो एकटा राह्यते का?

मयुरी : राह्यते, काका. चारा तेवढा कमी टाकजा.