लच्चय्याच्या नावाची सुई

(किडनीच्या दवाखान्यातली इंजेक्शनची खोली. कामेश्वरी सिस्टर आणि काजूच्या बागेत राबणारा लच्चय्या. दाराशी त्याची मुलगी रत्नम.)

कामेश्वरी : दोन महिने दर आठवड्याला रक्त वाढवायची सुई घरी नेताय, मामा, आणि हिमोग्लोबिन साडेसहा. वाढायचं सोडून उतरतंय. सुई जाते कुठे?

लच्चय्या : दंडात. अजून कुठे?

कामेश्वरी : बर्फात नेता ना?

लच्चय्या : मासेवालीकडनं बर्फ घेतो. बसमध्ये डबा मांडीवर धरतो.

कामेश्वरी : बर्फाला चिकटू देत नाही ना? गोठली की वाया गेली.

लच्चय्या : फडक्यात गुंडाळतो. तुम्हीच शिकवलंत.

कामेश्वरी : मग हे बघा. बाहेरच्या लॅबचा कागद, तुमच्याच फायलीत निघाला. नाव लच्चय्या, हिमोग्लोबिन नऊ, तारीख सोमवारची. आम्ही रक्त घेतलं मंगळवारी. एका दिवसात कोण प्यालं तुमचं रक्त?

लच्चय्या : लॅबवाले चुकले असतील.

कामेश्वरी : वय एकवीस लिहिलंय, मामा.

लच्चय्या : ...नाव माझं सांग म्हटलं होतं. वय स्वतःचं सांगून आली. वेंधळी.

कामेश्वरी : रत्नम?

लच्चय्या : हळू, अम्मा. तिच्याही किडन्या गेल्यात.

कामेश्वरी : मग तिचं नाव घाला की वहीत. तिलाही मिळेल सुई.

लच्चय्या : वहीतली यादी गावच्या आरोग्यसेविकेकडे, आशाबाईकडे जाते. आशाबाई नवऱ्यामुलाची मावशी. लग्न वीस दिवसांवर आलंय. बाप आजारी असला तर त्यांना चालतं, मुलगी नाही चालत.

कामेश्वरी : आणि तुम्ही? चार पायऱ्या चढताना दोनदा बसलात. आजपासून सुई इथेच, माझ्यासमोर. बाही वर करा.

लच्चय्या : मग माझं नाव दोनदा लिहा.

कामेश्वरी : एका माणसाला दोन मिळत नाहीत.

लच्चय्या : मग एकदाच लिहा, आणि दंड तिचा घ्या. नारळावर चढायचं मी केव्हाच सोडलंय. मला कशाला एवढं रक्त?

कामेश्वरी : आणि ते मी करायचं? माझ्या हातानं?

लच्चय्या : वीस दिवस, अम्मा. पाया पडतो.

कामेश्वरी : रत्नम, तू तरी बोल गं काहीतरी.

रत्नम : काय बोलू? घरी रोज हेच चालतं. मी सुई नको म्हटलं की हे ताटावरून उठतात.

लच्चय्या : एकदा मंगळसूत्र गळ्यात पडलं की मी सुटलो.

रत्नम : नाना, तिकडे गेल्यावर मी कोणाच्या नावावर घेऊ?