मेंबरचा पत्ता देत नसतो आमी

—नाई नाई, देते ना पत्ता, देणार काहून नाई? देवश्रीले मिक्सरचं बक्षीस लागलं म्हणता, मिक्सर खांद्यावर घेऊन नागपूरहून राजापेठेपर्यंत आले, खालच्या ट्युशनवाल्या पोट्ट्याइच्या सायकली ओलांडून जिना चढले, आन मी पत्ता नाई देणार? बसा तुमी. त्या खुर्चीवर नका, तिचा पाय हालते, दिवाणावर बसा. चाय टाकून आली मी, उकळून राहिली. फक्त काय हाय ना भाऊ, आमच्या मंडळाचा एक कायदा हाय. 'वऱ्हाडी चूल मंडळ' म्हणजे तुमाले वाटलं असन, चार बाया जमल्या, मोबाईलवर रेसिप्या टाकल्या, झालं. तसं नाई. रीतसर मेंबर व्हा लागते. आमचं सोताचं अ‍ॅप हाय, त्याले पासवर्ड हाय, नागपुरी गेटकडच्या कहकशाँनं बनवून देल्लं — लय हुशार पोरगी, बिर्याणी करते तर अशी की — असो. तर नाव, नंबर, पत्ता, वाढदिवस, काय खाते, काय खात नाई, सारं आमच्याजवळ जमा. आन ते बाहेर जात नाई. कोणालेच नाई. आमच्या ह्याइलेही नाई. हे एकडाव विचारत होते, बडनेऱ्याच्या त्या मेंबरचा नंबर दे म्हणे, लोणच्याचं काहीतरी विचाराचं हाय. म्हटलं लोणच्याचं मले विचारा.

पयले असं नव्हतं. पयले साधा ग्रुप होता, कोणीही या, कोणाचाही नंबर घ्या. मंग एका मेंबरनं साऱ्या बायांचे नंबर पापडाच्या मशीनवाल्याले देऊन टाकले. नाव नाई सांगत मी तिचं. माहिती म्हणजे माहिती. एवढंच सांगते की चष्म्याच्या दुकानाच्या वर राहते, नवरा हेडमास्तर हाय, आन गोड चालत नाई तरी लपून खाते. आता एवढ्यावरून तुमी वयखली तर माया इलाज नाई. तर तो मशीनवाला — भर दुपारी, बाई जराशी आडवी झाली की फोन. पापड लाटता का, किती लाटता, हात दुखते का. केशरबाईच्या घरी फोन सुनेनं उचलला. तो म्हणे, तुमच्या सासूबाई मंडळात मेंबर हायेत. सुनेनं मंडळ उघडून पाहिलं, तं काय — सासू रोज सुनेच्या भाजीचा फोटो टाके आन खाली लिहे, 'बायांनो, यात काय चुकलं असन?' झालं. दोघींचं बोलणं बंद, अजून बंदच हाय. तवा कहकशाँनं कायदा केला. कोणी मेंबरची माहिती मागतली, तर आधी त्या मेंबरले विचाराचं — अमका माणूस आला, असा असा दिसते, हे हे मागून राहिला, देऊ का? ती हाव म्हणली तर द्याचं. नाई म्हणली तर चाय पाजून वापस.

हाव, येते ना देवश्रीवर, येते. घाई काय हाय, मिक्सर काही नासत नाई. देवश्री म्हणजे अकोल्याची ना? मांडेवाली? तीच. लय गुणाची पोरगी. मांडा हातावर फिरवते ना भाऊ, तर हा असा कोपरापर्यंत येते, तरी फाटत नाई, आन उलट्या खापरावर टाकला की पुरण जागचं हालत नाई. आमच्या अर्ध्या बायाइले तो जमत नाई, मलेही नाई — पण हे बाहेर सांगू नका, मी अध्यक्ष हाय. तर तिचा तो व्हिडिओ पाहून पुण्याच्या एका हॉटेलवाल्यानं बोलावलं तिले. वऱ्हाडी जेवण बनवाले. राहाले खोली, पगार, सारं कागदावर लिहून. पण घरचे नाई म्हणतात. बाप म्हणते पोरगी हॉटेलात मांडे थापाले गेली, तर सोयऱ्याधायऱ्याइत तोंड काय दाखवाचं? काहून, तोंडाले काय झालं? त्याच तोंडानं साऱ्या सोयऱ्याइनं तिच्या हातचं खाल्लं ना? तर पोरगी निघून आली घरून. इथंच, आमच्या एका मेंबरच्या घरी राहिली. कोणाच्या, ते नाई सांगत. पण चांगलं घर हाय, तीन मांजरी हायेत, आन आज संध्याकाळच्या गाडीनं ती — म्हणजे असं ऐकलं मी. तुमाले काय करा लागते, तुमाले मिक्सर द्याचा हाय.

घ्या, चाय घ्या. साखर नाई टाकली, तुमाले चालत नाई ना. — मले कसं माहीत? अंदाजानं. या वयात डॉक्टर सांगतेच माणसाले. बिस्कीटही फिक्कंच घ्या. तो मिक्सर छान हाय पण. नागपूरची कंपनी म्हणले ना तुमी? मंग खोक्यावर अकोल्याच्या दुकानाचा कागद कसा? आन कंपनीचा माणूस मिक्सरच्या भांड्याले 'तो डब्बा' म्हणते का? नाई, विचारलं आपलं. उठू नका. बसा म्हणते ना, धर्मपाल भाऊ.

हाव, तुमालेच म्हणून राहिली. देवश्रीचे काका ना तुमी? मी तं तुमाले दारातच वयखलं. तुमचा फोटो हाय ना आमच्याकडे, वाढदिवसाचा. दोन्ही गाल भरलेले, मिशीले तूप, आन खाली लिहिलेलं — 'आमच्या ह्याइले शुगर हाय, पण मांड्यापुढे कोणाचं ऐकत नाई.' लय बाया हासल्या होत्या. मी हासली नाई. थोडीशी. — कोणी टाकला म्हणजे? जिचा नवरा तिनंच टाकन ना, साधनानं. …तुमाले माहीत नव्हतं? साधना मेंबर हाय ते? — असं. तिनं सांगतलं नाई वाटते. बरं, ते सोडा. ते मी बोललीच नाई समजा. चाय थंडी होऊन राहिली.

नाई, रागवाचं काही काम नाई. मी काही तुमाले फसवलं नाई, तुमीच मिक्सर घेऊन मले फसवाले आले. मी कायद्यानं चालली. आत चाय टाकाले गेली, तवा देवश्रीले मोबाईलवर विचारलं — एक माणूस आला, पांढरा सदरा, जाड मिशी, तुया पत्ता मागते, देऊ का? तिनं लिहिलं, 'काकू, तो माया काका हाय. बाबानं पाठवला असन. गाडी सुटेपर्यंत त्याले बसवून ठेवा.' म्हणून तुमाले पापडाच्या मशीनची गोठ सांगतली. नाईतर मी काय इतकी बोलते का? विचारा कोणालेही. आन भाऊ, मले एक सांगा, तुमी तरी काहून आले? आईवेगळी पोरगी, तुमच्या आन साधनाच्या अंगाखांद्यावर वाढली, तुमाले एक लेकरू नाई तर तिलेच लेकरू मानलं — हे साधनानंच लिहिलं मंडळात, मी कोठून आणू? — आन मोठा भाऊ म्हणला, आण तिले वापस, तर निघाले तुमी मिक्सर घेऊन. मोठ्या भावापुढे तोंड उघडत नाई म्हणे तुमी. वाईट वाटते मले, खरं सांगते. पोरगी चोरावाणी चालली, तिनं काय चोरलं कोणाचं?

आता कोणाले फोन लावून राहिले? साधनाले? राहू द्या. नाई उचलणार ती. माहेरी गेली ना, चुलतभावाच्या साखरपुड्याले, तिथं डीजे वाजत असन. वाजून राहिला फोन? नाई उचलला? पुन्हा लावता? अवो, त्या फलाटावर एवढ्या गोंगाटात कोणाले फोन ऐकू —

…

साखरपुडा म्हणली मी. …फलाट? मी कुठं फलाट म्हणली?

…बरं, म्हणली. आता असं पाहू नका माया तोंडाकडे. माय, काय करून बसली मी. बिचारीनं किती भरवशानं सांगतलं होतं मले. पोरीले एकटी गाडीत कशी बसवू म्हणे, मायच्या जागी मीच हाय ना तिच्या, माहेरचं नाव सांगून जाते, डब्बा करून देते, गाडी हालली की वापस येते, ह्याइले कळणारही नाई. आन मी मंडळाची अध्यक्ष, तिच्याच नवऱ्याले दिवाणावर बसवून, चाय पाजून सांगतलं. कहकशाँले कळलं तर मलेच मंडळातून काढून टाकन. काढाच पायजे. पण ऐका, धर्मपाल भाऊ, मी हात जोडते, घरी गेल्यावर साधनाले एक शब्द बोलाचा नाई. आन बोलले, तर ध्यानात ठेवा, दोन जिल्ह्यातल्या बाया तुमाले मिशीच्या तुपासकट वयखतात. अकोल्यात भाजी घ्याले निंगता येणार नाई तुमाले.

वाजून राहिला तुमचा. कोण, मोठे भाऊ? …घ्या ना. केव्हापर्यंत वाजू देसान. तुमालेच घ्या लागन, मी काय घेऊ? मी नाई बोलत मधात. ही मी बसली पाहा, तोंडाले पदर लावून.

…

…ठेवला? काय म्हणले तुमी त्याइले? नाई, ऐकलं मी, पण पुन्हा सांगा. 'ती बाई कोणाचाच पत्ता देत नाई, लय कडक हाय, मी वापस येऊन राहिलो, आन पोरीचा पिच्छा आता सोडा' — असं म्हणले तुमी? मोठ्या भावाले? आन तो वरडला, तर फोन ठेवून देल्ला? …माया मंडळाबद्दल इतकं चांगलं आजपर्यंत कोणी बोललं नाई हो. आन तेही आजच बोलाचं होतं. पाणी आणू का?

काय? कोणता फलाट? …नाई भाऊ. ते नाई सांगत. एकडाव जीभ घसरली, आता नाई. आधी पोरीले विचारा लागन. काय लिहू? सांगा ना. 'काका यायचं म्हणतात, वापस न्याले नाई, भेटाले.' एवढंच? आन मंग तिथं जाऊन बदलाचं नाई, सांगून ठेवते, नाईतर माया हातचं पाणी नाई भेटणार तुमाले या जन्मात. …हे पाठवलं. …वाचलं तिनं. …लिहून राहिली. …थांबली. साधनाले विचारत असन. …पुन्हा लिहून राहिली.

…

'काकाले म्हणा धावत या, गाडी लागली.' — मंग निंगा ना भाऊ, बसून काय राहिले?