तळाचा चमचा

बाळंतपणानंतर हेस्टरचं मन थाऱ्यावर नसायचं, म्हणून ती ब्रॅडफर्डच्या औषधवाल्याकडे शामक अर्कासाठी रांगेत उभी होती. पुढे गिरणीतल्या दोन बायका होत्या. धाकटीच्या शालीत तान्हं बाळ झोपलेलं.

"अगं नेली, इतक्यात बाटली संपली तुझी?" थोरलीने धाकटीला विचारलं.

"काय करू, पॉगसनमावशी? हात थरथरतात, मागावर तुटला धागा जोडवत नाही. अर्क घेतला की जीव शांत होतो."

"हलवून घेतेस ना?"

"कशाला? नुसता फेस होतो."

"अगं, त्यातली अफू तळाशी बसते! तळाचं ओतून दिलंस ना?"

"टाकवेना. शेवटचा चमचा सकाळी यालाच पाजला. दात येतायत म्हणून किरकिरत होता हो. तेव्हापासून बघा, दोनदा दूध चुकलं तरी हूं नाही की चूं नाही."

"इकडे दाखव त्याला."

"उठेल ना, मावशी!"

"उठू दे, पोरी. उठव त्याला."

"सायलस! ए लबाडा, डोळे उघड बघू. सायलस!"

ओळख ना पाळख, तरी हेस्टर मागून वाकून त्याचा इवलासा तळवा चोळू लागली.

"पुढे कोण?" औषधवाल्याने विचारलं.

कोणीच पुढे सरकलं नाही.