चित्र नसलेला मका

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, आमच्या मुख्याध्यापिका बाई, माझे सहकारी, पालक मंडळी, पहिल्या रांगेत पाय हलवत बसलेली आमची चिल्लीपिल्ली, आणि आज जिच्यासाठी हे सभागृह भरलं आहे ती पहिली 'ब'ची बाई,

निरोपाच्या दिवशी माणसाबद्दल चांगलं बोलावं, हे मला कळतं. पण चांगलं होतं तेवढं आधीच्या वक्त्यांनी बोलून संपवलं. माझ्या वाट्याला फक्त खरं उरलं आहे. तर खरं असं, की मी या बाईंवर जळते. आजही जळते आहे.

माझा वर्ग पहिली 'अ'. दोन वर्गांच्या मध्ये एक पातळ भिंत. दिवाणखान्यातली कुजबुज स्वयंपाकघरात ऐकू यावी, तसं मला पलीकडचं सगळं ऐकू येतं. माझी मुलं मुळाक्षरं सुरात म्हणत असायची, तेव्हा पलीकडची मुलं चक्क वाचायला लागलेली असायची. आमचा सूर चांगला होता, एवढंच. मधल्या सुट्टीत डबा उघडता उघडता या सहज म्हणणार, आज आणखी दोघं वाचायला लागली हो. सहज! त्या दिवशी मला अन्न गोड लागत नसे.

यंदा शाळेने ठरवलं, दोन्ही वर्गांना वाचनाचं साहित्य एकच हवं. निवड समिती नेमली आणि प्रमुख केलं मला. तेव्हा माझ्या मनात काय आलं असेल, हे वेगळं सांगायला हवं का?

मी एक पेटी पसंत केली. गुळगुळीत कार्डं, वर रंगीत चित्र, खाली शब्द, आणि सोबत बोलणारा पेन. कार्डावर टेकवला की शब्द म्हणून दाखवतो. यांच्याकडे काय होतं? एक कापडी पिशवी. त्यात बिस्किटांच्या खोक्यांचे कापलेले पुठ्ठे आणि त्यांवर काळ्या शाईची अक्षरं. चित्र एकही नाही. अक्षरंही क्रमाने नाहीत. म, क, न, ल आणि काना, एवढ्याच भांडवलावर यांचा पहिला महिना जातो, कारण तेवढ्यात म्हणे बरेच शब्द होतात. मी म्हटलं, अहो, निदान रंग तरी भरा. त्यावर या हसल्या. ते हसू तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. आपल्याला सगळं कळतं असं वाटणाऱ्या माणसाचं ते हसू आहे, आणि पंचाईत अशी की यांना खरंच कळतं.

माझी नात यांच्याच वर्गात आहे. घरच्या मुलाला आपल्या वर्गात घेता येत नाही, असा आमच्याकडे नियम. पण घरी मी तिच्याकडून पेटीतली कार्डं घोटून घेतली होती. पालकांसमोर दोन्ही साहित्यांचं प्रात्यक्षिक ठरलं तेव्हा मी तिलाच पुढे केलं. चमचा, घर, बदक असं पोरगी धडाधड म्हणत सुटली. टाळ्या पडल्या. मी यांच्याकडे एकदा बघूनही घेतलं.

मग नळाचं कार्ड आलं. चित्रात नळ सोडलेला. नात म्हणाली, पाणी. पेन म्हणाला, नळ. नात आणखी मोठ्याने म्हणाली, पाणी. पेनही ऐकेना. सगळे हसले. मुख्याध्यापिका बाईंनी चित्रावर अंगठा ठेवला आणि म्हणाल्या, आता वाच बघू.

"चित्र तर झाकलंत," ती म्हणाली, "मग वाचू कसं?"

पेटीचा निकाल तिथेच लागला. मूल चित्र ओळखत होतं, वाचत नव्हतं. तरी यांनी आपल्या पिशवीतून एक पुठ्ठा काढून तिच्यासमोर धरला. ती बघत राहिली. ओठ हलले. म. का. मग म्हणाली, मका. स्वतःच चकित झाली आणि तिने वर बघितलं. कुणाकडे? सख्खी आजी पेन धरून शेजारी उभी होती. तिने बघितलं यांच्याकडे.

मुलाने पहिल्यांदा स्वतःहून वाचलेला पुठ्ठा त्याला घरी द्यायचा, ही यांची रीत. त्यामुळे आमच्या फ्रिजवर आता मका आहे. सकाळी दूध काढायला गेले की आधी मका दिसतो. सून म्हणते, बाईंचं अक्षर किती सुरेख आहे. मी दूध तापवते.

समितीने पिशवी निवडली. मीही तिच्याच बाजूने हात वर केला, कारण मला पटलं होतं. पटलं म्हणून जळणं थांबतं का? उलट वाढतं. मघाशी यांनी पिशवी माझ्या स्वाधीन केली, पण पुठ्ठे कापायची कात्री दिली नाही. म्हणाल्या, कात्री माझी आहे, तुमची तुम्ही आणा. आणीन.

बाई, पुढच्या वर्षी हे पुठ्ठे माझ्या हातात असतील. एखादं मूल ओठ हलवेल, वाचेल, चकित होऊन वर बघेल, आणि समोर मी असेन. तुम्ही घरी असाल. मंडळी, जरा इकडे बघा, बाईंचं हसू गेलं. किती वर्षं मला हे बघायचं होतं! आणि आता समोर आहे तर बघवत नाही.

फारच करमेनासं झालं तर या. मागच्या बाकावर बसा. मात्र मुलाने वर बघितलं की तुम्ही खाली बघायचं.

आपण सर्वांनी इतक्या शांतपणे ऐकून घेतलंत, आपले मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचं मन दुखावलं असेल, काही अधिकउणं झालं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. अट तेवढी मागे घेत नाही.