पित्ताला क्लेम नसतो

…पित्त म्हणे. तुमाला सांगतो, पाव्हणा येतो, शहाळं ठेवतो, पायाशी बसतो, माझ्या तोंडाकडं बघून डोळं पुसतो आणि इचारतो, "काय नानासो, पित्त काय म्हणतंय?" आता मला सांगा, पित्ताला कोण रडतंय व्हय? आतड्यात गाठ हाय, कॅन्सरची हाय, रिपोर्ट माझ्याच मोबाईलवर आलाय, कारण मिरजेच्या दवाखान्यात माझ्या मेव्हण्यानं, दिग्विजयनं, नंबर माझा दिला. पण माझी बायको, विजयमाला, तिनं उंब्रजभर ताकीद दिलीय, "ह्यांना कळू द्यायचं न्हाई, हाय खातील." मिरजेत तर दारावर हातभर अक्षरात 'कर्करोग विभाग' लिवलेलं, मी वाचतोय, आणि ही म्हणते, "पित्ताचं मोठं डॉक्टर हितंच बसत्यात." म्हणलं, बसत असतील. ती मला जपतीय, मग मी तिला जपायला नको? आमच्याकडं रीतच हाय, आजारी माणूस सोडून सगळ्यांना आजार सांगायचा…

बरं, गप बसलोही असतो. पण एक दिवस अंगणात दोन माणसं ट्रॅक्टरच्या टायरला लाथा घालून बघत होती. दिग्विजय म्हणतो, "काय न्हाई दाजी, सहज बघायला आल्यात." सहज? माझा ट्रॅक्टर इकून माझंच ऑपरेशन करणार, आणि मला पत्ता न्हाई! आवं, मी टर्म विमा काढलाय, वर गंभीर आजाराचा रायडर घेतलाय, म्हणजे असला आजार निघाला की जिवंतपणीच रक्कम हातात. हप्ते मी भरले, आणि बोलायची बंदी मलाच. कारण विम्याचं काढायचं तर कॅन्सर म्हणायला लागतंय, आणि मला तर… पित्त हाय.

तरी आडून सुरुवात केली. "अगं, आपला विमा हाय न्हवं…" तिनं तोंडावर हातच ठेवला. "अभद्र बोलू नगा. पित्तानं कोण मरतंय व्हय?" अगं, मरायचं न्हाई, जगायचं पैसं हायत ते. दिग्विजयला धरलं, तर म्हणाला, "दाजी, ते नंतरचं असतंय." नंतर म्हणजे कशाच्या नंतर रं? पत्र्याकडं बघत बसला गडी.

शेवटी मीच एजंटला बोलावलं, म्हसवडचा भाऊसो. त्याला हिनं दारातच गाठलं, खुणा केल्या. तो आत येऊन बसला, पेन काढलं, घाम पुसला. "आजाराचं नाव?" मी हिच्याकडं, ही भाऊसोकडं, भाऊसो पंख्याकडं. "पित्त," ही म्हणाली. भाऊसो लय हळू म्हणाला, "वैनी… पित्ताला क्लेम नसतो."

म्हणलं, लिही रं. कॅन्सर.

रडली न्हाई ती. "कवा कळलं तुमाला?" म्हणलं, तुझ्या आधी. तर उसळलीच, "मग इतकं दिस मी एकटीच मोरीत नळ सोडून रडत हुते, ते कशापायी?" घ्या. म्हणजे चूक पुन्हा माझीच.

रक्कम आली, ऑपरेशन झालं, ट्रॅक्टर दारात हाय. सुटलो म्हणता? घरी आलो तर माझी म्हातारी आई, रंगुबाई, एका कानात म्हणते, "नाना, तुला काय झालंय मला ठावं हाय. पर सुनंला सांगू नगंस, लय हळवी हाय." आणि विजयमाला दुसऱ्या कानात, "आत्याबाईस्नी कळू द्यायचं न्हाई हां." म्हणजे घरात सगळ्यांना ठावं, आणि चौघांत बसलं की पुन्हा पित्त. नाव घेऊन बोलतंय कोण, तर विमा कंपनीच्या फोनवरची पोरगी. "सर, कॅन्सरचे उपचार कसे चालू आहेत?" क्लेम कवाच मिटलाय, तरी मी गोठ्यात जाऊन तिला फोन लावतो. परवा म्हणाली, "सर, आपली काही तक्रार आहे का?"

म्हणलं, न्हाई बाई… तू नुसतं इचारत ऱ्हा.