ढावलोचं उत्तर

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या तांड्याचे नायक माननीय उदयसिंगजी चव्हाण, व्यासपीठावर उपस्थित असलेले केंद्रप्रमुख आदरणीय राजपाल सर, माझ्या सहकारी संगीताताई, उसाच्या फडावरून याच आठवड्यात परतलेले सर्व पालक, स्वयंपाकघराच्या दारातून ऐकणाऱ्या रामीबाई, आणि समोर सतरंजीवर बसून माझ्याऐवजी खाऊच्या पिशव्यांकडे बघणाऱ्या माझ्या मुलामुलींनो, सर्वांना जय सेवालाल, जय भीम आणि नमस्कार.

सत्काराला उत्तर द्यावं असा रिवाज आहे, म्हणून उभी आहे. नायकांनी शाल दिली, श्रीफळ दिलं, ताईंनी माझ्यावर चार शब्द बोलताना दोनदा डोळे पुसले. मी मात्र मघापासून पाठीमागच्या फलकावरची अक्षरं वाचते आहे. ‘सौ. सुकेशनी इंगोले मॅडम यांना भावपूर्ण निरोप.’ फलक मंगरूळपीरहून छापून आला आहे, रंग छान आहेत, आणि माझं नाव चक्क बरोबर छापलं आहे. एरवी कोणी ना कोणी सुकेशिनी करतंच.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण ती न सांगता पुढे बोलणं मला प्रामाणिकपणाचं वाटणार नाही. हा फलक छापायला गेला तेव्हा मी जायचं ठरवलेलं नव्हतं.

अकोल्याच्या एका खाजगी निवासी क्लासकडून बोलावणं आलं होतं. मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका म्हणून. मी विचार करायला मुदत मागितली आणि ही गोष्ट फक्त संगीताताईंना सांगितली. ताईंना इतका आनंद झाला की त्यांनी तो एकटीकडे ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा नायकांनी निरोपाच्या साडीचा रंग ठरवला होता. ताई, मान खाली घालू नका. रागावले असते तर तेव्हाच रागावले असते. मला काहीच वाटलं नाही. तेच मला आज सांगायचं आहे, बहुतेक.

बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगते, इथे माझं काम काय होतं. दिवाळीनंतर तांड्यातली बहुतेक कुटुंबं ऊसतोडीला जातात. मुलांची शाळा बुडू नये म्हणून ती इथे, या हंगामी वसतिगृहात राहतात. आईबाप गेले की मूल पहिले काही आठवडे बोलत नाही. त्यातून घरात गोरमाटी, म्हणजे आपली बंजारा बोली, बोलायची आणि शाळेत मराठी, म्हणजे बोलायचं तरी कोणत्या भाषेत? अशा गप्प मुलांना बोलतं करणं, हे माझं काम.

त्यासाठी आम्ही अंगणात बाजार भरवायचो. दगड म्हणजे आलू, कडुनिंबाचा पाला म्हणजे मेथी, आणि गिऱ्हाईक मी. या गिऱ्हाईकाला काहीच कळत नाही, असा नियम. मी बी.ए., बी.एड. आहे, पण मला पगार मिळायचा तो येडी होण्याचा. एकदा मी आलूच्या ढिगापाशी बसून विचारलं, “काय वो दुकानदारीण, हे गाढव केवढ्याले देता?” दुकानात बसली होती रूपा. ती आल्यापासून एक अक्षर बोललेली नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं, आणि एकदम ओरडली, “गाढव नाही वो म्याडम, आलू हाय! येडी हाय का तू?”

नेमके त्याच वेळी राजपाल सर फाटकातून आत येत होते. सर, तुम्हाला आठवत असेल. तुम्ही विचारलंत, “मॅडम, मुलं तुम्हाला असं बोलतात?” आणि मी म्हटलं, “सर, आजपासून बोलतात.” तुम्ही हसलात आणि दोन किलो मेथी विकत घेऊन गेलात. पैसे अजून दिलेले नाहीत, असं दुकानदारीण म्हणते.

मला या कामात मजा यायची. हा शब्द मी जपून वापरते आहे. घरी जाऊन रोजनिशी लिहायला बसले की एक प्रश्न नेहमी पडायचा. हे मी मुलांसाठी करते की माझ्या मजेसाठी? माझ्या मजेचा खर्च घरच्यांनी किती वर्षं सोसायचा? मानधन कसं आणि कधी येतं, हे इथे सर्वांना माहीत आहे, त्यावर आज बोलत नाही.

अकोल्याला पगार इथल्या चौपट आहे. मी जाऊन पाहून आले. स्वच्छ इमारत आहे, माणसं सभ्य आहेत. तिथल्या मॅडमनी मला काम समजावून सांगितलं. संध्याकाळी मुलींचे मोबाईल जमा करायचे आणि अभ्यासिकेत शांतता ठेवायची. “मुली फार बोलतात हो,” त्या म्हणाल्या. परत येताना बसमध्ये लक्षात आलं. इथे गप्प मुलांना बोलतं करण्याचं जे मिळतं, त्याच्या चौपट तिथे बोलत्या मुलींना गप्प करण्याचं मिळणार आहे. मला वाटलं, आता मला हसू येईल किंवा राग येईल. मी खिडकीबाहेर बघत बसले. शेलूबाजार आलं आणि गेलं.

त्यानंतर मी काय केलं? वाट पाहिली. कोणीतरी म्हणेल, मॅडम, जाऊ नका. तुम्ही सर्वांनी अभिनंदन केलंत. प्रेमसिंगभाऊ, रूपाचे वडील, फडावरून आल्या आल्या मला भेटले. मी म्हटलं, अजून विचार करते आहे. ते म्हणाले, “कायले इचार करून राह्यल्या, म्याडम? आमी कोयता घेऊन तीन-तीन जिल्हे लंघतो. तुमाले तर खुर्ची भेटून राह्यली, वरतून पंखा!”

भाऊ, तुमचं काही चुकलं नाही. दरवर्षी दिवाळीचे दिवे विझले की ज्यांना घराला कुलूप लावावं लागतं, त्यांच्यापुढे आवडीचं काम की पगाराचं काम, हा प्रश्न घेऊन मी उभी राहिले होते. असा प्रश्न पडणं हीसुद्धा चैन आहे, हे मला कळतं. कळूनही तो सुटला नाही, एवढंच.

मग मी माझ्या मुलीला, वैभवीला, फोन केला. ती नागपूरला नर्सिंगला आहे. मी म्हटलं, तुझ्या फीसाठी जावंच लागेल गं. ती म्हणाली, “आई, माझ्या नावावर नको करू. उद्या तिथं करमलं नाही तर मलेच ऐकवशील. जायचं तर तुझ्या नावानं जा.” मी फोन ठेवला. त्यानंतर फलक आला, साडी आली, आणि मी अकोल्याला होकार कळवून टाकला. ठरवलं, असं म्हणता येणार नाही. नाही म्हणायला जे काही लागतं, ते मला त्या वेळी सापडलं नाही.

आता शेवटची गोष्ट, आणि मग खाऊ. आज सकाळची आहे.

तांड्यातली मुलगी सासरी निघते तेव्हा ती आणि घरच्या बाया एकमेकींच्या गळ्यात पडून सुरात रडतात. त्याला ढावलो म्हणतात. नुसतं रडणं नसतं ते, त्यात शब्द असतात, त्या त्या मुलीसाठी तिथल्या तिथे जुळवलेले. आणि निघणाऱ्या मुलीने उत्तर द्यायचं असतं, तेही सुरात. हे मी इथे येऊनच शिकले. मी काही तांड्याची लेक नाही. माझं माहेर शिरपूरचं, सासर रिसोडचं. पण आज सकाळी मी स्वयंपाकघरात गेले, तर रामीबाईंनी परातीतले हात पुसले, माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि ढावलो सुरू केला. फुगलेली पहिली भाकर मी तुला दाखवायची, आता कोणाला दाखवू, असे शब्द होते. भाकरी थापणाऱ्या कमलीबाई आणि आणखी दोघी येऊन मिळाल्या. तव्यावरची भाकर करपल्याचा वास येत होता.

मग त्या थांबल्या. माझी पाळी होती.

मी खांबासारखी उभी. एक शब्द नाही, डोळ्यांत टिपूस नाही. माझ्या मनात काय चाललं होतं सांगू? तवा उतरवायला हवा.

रामीबाईंनीच तो उतरवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “जी पोरगी जाताना रडत नाही ना म्याडम, तिले आमच्यात बाया म्हनतात, इले जायचं काय म्हनून कोनं पुसलंच नाही वाटते.”

मी म्हटलं, “रामीबाई, मग आता तुम्हीच पुसा.”

त्या म्हणाल्या, “मी कायले पुसू? मी पुसलं त तुमी नाही म्हनसान, अन् मंग पोरीची फी म्या भरू काय?” सगळ्या हसल्या. मग पीठ मळता मळता हळूच म्हणाल्या, “तुमीच पुसा सोताले. पन भाकर खाऊन पुसा.”

मी भाकर खाल्ली. करपलेली होती. आणि विचारलं. उत्तर आलं ते असं, की हे काम मला आवडतं, आणि मी जाते आहे. ‘पण’ नाही, ‘म्हणून’ही नाही. दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी आहेत. वैभवी म्हणाली तसं, माझ्या नावानं जाते आहे. सोमवारी हजर व्हायचं आहे.

माझ्या जागी ज्या बाई येतील त्यांच्यासाठी मुलांना एकच सांगणं आहे. त्यांना बाजारात न्या. त्यांना काही येत नाही असं धरून चाला. त्यांना सगळं येत असेल तर थोडा धीर धरा, विसरतील. आणि राजपाल सर, मेथीचे पैसे.

नायकसाहेब, आपण दिलेल्या मानाबद्दल मी आभारी आहे. संगीताताई, आनंद आवरता न आल्याबद्दल तुमचे आभार, माझ्या वाट्याचाही तुम्हीच केलात. फडावरून आल्यावर पाठ टेकायच्या आधी इथे येऊन बसलेल्या सर्व पालकांचे आभार. बोलण्यात कोणाचं नाव राहून गेलं असेल, कोणाला काही लागलं असेल, तर पदरात घ्या. इतकी वर्षं घेतच आलात.

एक चूक मात्र राहिली आहे आणि ती पुढेही राहील. रामीबाई, तुमच्या ढावलोला मी उत्तर दिलेलं नाही. आज ते माझ्याजवळ नाही. अकोल्याच्या अभ्यासिकेत सगळ्या मुली गप्प बसल्या असताना कधीतरी ते येईल, असं वाटतं. आलं तर तिथे मोठ्याने म्हणता येणार नाही. पहिल्या सुट्टीला मी ते घेऊन येईन. तोवर मी गेले असं धरू नका.