उणे अडीचचा प्रोसेसर

...नाही, पण मी म्हणतो, सरळ विचारायला काय जातं या लोकांचं? दुकानात जाऊन मी एवढंच म्हणालो, की कंप्युटर जुना झालाय, गेम अडकतो, काहीतरी करा. अख्खा कंप्युटर नको, टेबल नको, ती दिव्यांची खुर्ची तर नकोच नको... मला फक्त प्रोसेसर बदलायचा होता. तर दुकानदार मान वर न करता म्हणतो, "नंबर काय?" आता तुम्हाला सांगतो, मी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे, नववीत शाळा सोडली तेव्हापासून मागच्या खोलीत बसून काचा घासतो आणि फ्रेममध्ये बसवतो, आणि हे "नंबर काय" दिवसातून पन्नासदा ऐकतो. त्यात मी लाजरा. अनोळखी माणूस समोर आला की आपल्या तोंडातून काय बाहेर पडेल याची मलाच खात्री नसते. मी म्हणालो, "उजवा उणे अडीच, डावा उणे तीन."

मग मात्र त्याने मान वर केली. बराच वेळ वरच ठेवली.

"प्रोसेसरचा," तो म्हणाला.

आता एवढी यातायात कशासाठी, असं तुम्हाला वाटेल. तर ताईसाठी. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली, आणि दर रविवारी दुपारी चारला आम्ही एक गेम खेळतो, चौघांची टोळी, ताई, तिच्या ऑफिसातले दोघं आणि मी. किल्ल्याचं दार उघडतं, सगळे आत घुसतात, आणि मी... मी येतच असतो. माझ्या पडद्यावर ती पट्टी भरत असते, बत्तीस टक्के, तेहेतीस टक्के, परत बत्तीस, हे कसं होतं कोण जाणे. ताई बिचारी दाराशी थांबते. आणि त्या दोघांतला एक, त्याला आम्ही बोका म्हणतो, तो आतून हेडफोनवर विचारतो, "ताईसाहेब, बंधुराज निघाले का घरून, का मी दाढी करून येऊ?" एकदा खरंच करून आला. मी एकसष्ट टक्क्यांवर होतो.

मग एका रविवारी तो जरा वेगळ्याच आवाजात म्हणाला, "हे बघ, राग मानू नकोस, पण पुढच्या महिन्यात नवा किल्ला येतोय, तो याहून जड आहे. तोवर तुझं काही झालं नाही, तर आपण चौथा दुसरा बघू." ताई काही बोलली नाही. मीही काही बोललो नाही. काही न बोलण्यात आमचं सगळं घराणं पटाईत आहे. फोन केला तरी "बरी आहेस?" "हो. तू?" "हो." "ठेवू?" "ठेव." एवढ्यात आटोपतं. तो रविवार गेला की बहीणही गेलीच म्हणायची, मग वर्षातून एकदा पिशव्या घेऊन येईल तेवढीच. म्हणून सांगतो, मला फक्त प्रोसेसर बदलायचा होता.

तर दुकानदाराने दोन खोकी पुढे ठेवली आणि एकावर टिचकी मारून म्हणाला, "हा न्या. याचा नंबर मोठा आहे." आता मोठा नंबर म्हटल्यावर मी ते खोकं हळूच मागे सरकवलं. आमच्याकडे मोठा नंबर निघाला की माणूस खुर्चीतच खचतो, बरोबर आलेली आई त्याला तिथल्या तिथे मोबाईल बघण्यावरून रागवायला लागते, आणि त्या जाडजूड काचा घासताना माझी बोटं सोलतात ती वेगळीच. मी म्हणालो, "लहान नंबरचा नाही का?"

"आहे की. पण लहान कशाला? पुढच्या वर्षी परत याल."

"वाढेल म्हणता?"

"काय वाढेल?"

मी चष्मा काढून पुसायला लागलो. मग त्यानेच खुलासा केला, की मोठा घेतलात तर तुमच्या बोर्डात तो बसणार नाही, म्हणजे बोर्ड नवा घ्या, बोर्ड नवा म्हणजे मेमरी नवी, आणि एवढं सगळं नवं घेतल्यावर तो जुना डबा बरा दिसेल का? घोड्यासाठी नाल आणायला गेलेल्याला हा माणूस नालेसाठी घोडा विकत होता. मी खाली बघून म्हटलं, मला फक्त प्रोसेसर बदलायचा होता. आमचे मालक नेहमी सांगतात, फ्रेम जुनी ठेवायची असेल तर काच फ्रेमच्या मापाची घ्यावी, फ्रेमशी भांडू नये. मी जुन्या बोर्डात बसेल त्यातला बरा प्रोसेसर मागितला.

"शहाणे आहात," दुकानदार म्हणाला. "फक्त एक करा. तुमचा बोर्ड नव्याला ओळखत नाही. जुना आत असतानाच एक फाइल टाका, म्हणजे ओळख होईल. मग जुना काढा." मी मान हलवली. आता मी मान हलवतो तेव्हा मला काहीही कळलेलं नसतं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्या परक्या माणसाला कसं ठाऊक असणार?

घरी आलो, डबा उघडला, वरचा पंखा धरून ओढला... तर पंख्याच्या बुडाला चिकटून प्रोसेसरच वर आला, मुळासकट दात यावा तसा. प्रोसेसरच्या पोटाशी बारीक बारीक पिनांचं रान, त्यातल्या अकरा वाकलेल्या. म्हटलं जाऊ दे, जुनाच आहे. नवा बसवला, बटण दाबलं. पंखा फिरतोय, दिवे लागलेत, पडदा काळाकुट्ट. आई दारातून म्हणाली, "काय रे, बिघडवलास?"

"बोर्ड त्याला ओळखत नाही."

"कुठला बोर्ड?"

"मदरबोर्ड."

"बरोबरच आहे," आई म्हणाली. "आईला न विचारता कोणालाही घरात आणलं की असंच होतं."

म्हणजे ओळख करून द्यायला जुना पाहिजे, आणि जुन्याला मी लुळा करून ठेवलेला. बघा ना, आयुष्यभर राबला, आता जाता जाता आपल्याच जागी येणाऱ्याची ओळख करून द्यायची आणि मुकाट्याने उठायचं... आणि त्याच्या आधीच मी त्याचं बखोट धरलं. मला फक्त प्रोसेसर बदलायचा होता हो.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तो रुमालात गुंडाळून कामावर नेला, डोळ्याला भिंग लावलं, आणि फ्रेमच्या नाकपट्ट्या सरळ करायचा चिमटा घेऊन एकेक पिन उभी करत बसलो. मालक डबा खात खात मागे येऊन उभे राहिले.

"कोणाचा आहे?"

"माझाच. प्रोसेसर आहे."

"हं," ते म्हणाले आणि वाकून बघत राहिले. त्यांना काय कळलं देव जाणे, पण जाताना म्हणाले, "कोपऱ्यातली एक अजून झुकलीय. गिऱ्हाईक कटकट करेल." खरंच झुकली होती.

घरी आलो, जुना परत बसवला, आणि तो गुणी प्राणी चालू झाला. फाइल टाकली, ओळख झाली, मग तो हळूच, पंखा गरम असताना, इकडेतिकडे हलवून काढला, नवा बसवला. नव्या किल्ल्याचा पहिला रविवार. चार वाजले. पट्टी आली आणि भरली. नऊ सेकंद. मी बोक्याच्याही आधी किल्ल्याच्या दारात. तो म्हणाला, "अरे, बंधुराज?" आणि मग जे सुटलो ते चाळीस मिनिटं, डावीकडून ये, मागे बघ, दारूगोळा दे... नवा किल्ला पडला. ताई म्हणाली, "मस्त. चल, पुढच्या रविवारी." आणि गेली.

मी हेडफोन काढला. काहीतरी राहिलं होतं. मग लक्षात आलं, तिचा मागच्या रविवारचा खोकला गेला का, हे मला कळलंच नाही. म्हणजे माझी पट्टी भरेपर्यंत ती दाराशी थांबायची ना, तेव्हा ती त्या दोघांना ऐकू जाणार नाही असं माझ्याशी बोलायची. जेवलास का, आईचा गुडघा कसा आहे, नवी नोकरी बघतेय पण घरी सांगू नकोस... सगळं त्या तेहेतीस टक्क्यांत. आता नऊ सेकंदांत माणूस काय बोलणार? नुसतं खोकायलाच तेवढे लागतात.

तर मी आता तिला पावणेचारला बोलावतो. म्हणतो, ताई, जरा आधी ये, माझं परत लोड व्हायला वेळ लागायला लागलाय. ती येते. मी किल्ल्याच्या दारामागे तयार उभा असतो आणि तिला सांगतो, बत्तीस टक्के झालेत. खोकला गेलाय तिचा. नोकरी लागली.

पण परवा ती म्हणाली, "नवा टाकूनही इतका रडतो? त्या दुकानदाराने फसवलं तुला." तो चांगला माणूस आहे हो, पण मी गप्प बसलो. तर म्हणते, "थांब, पहिल्या पगारात मी तुला चांगला वेगवान पाठवते, बोर्डासकट." म्हणजे आता तो आला की मला आणखी हळू लोड व्हावं लागणार... आणि ते कसं करायचं, हे कुठल्याच दुकानात सांगत नाहीत.